मुरमांवर खिशाला परवडणारे उपाय: सहाणेवरचं जायफळ की मेडिकलमधली ट्यूब?

रानजाई

मंडळी, लेक यंदा दहावीत आहे. वर्षभरात कपाळ आणि गाल पुटकुळ्यांनी भरून गेलेत. आधी बारीक दाणे होते, आता हनुवटीवर मोठ्या, ठणकणाऱ्या, पू धरणाऱ्याही येतात. शाळेत कोण काय बोलतं ते ती सांगत नाही, पण फोटो काढायचा म्हटलं की मागच्या रांगेत जाऊन उभी राहते.

पार्लरवालीने हजारोंचं पॅकेज सांगितलं, तो विषय तिथेच संपला. सासूबाई म्हणतात, वयात आल्या की येतात आणि लग्नापर्यंत जातात. मुलतानी माती गुलाबपाण्यात कालवून लावली. तोंड ओढल्यासारखं होतं आणि तासाभरात परत तेलकट. मोबाइलवर बघून तिने लिंबू-मधही लावला, तर गाल लालबुंद होऊन सोलवटले.

घरातले, स्वस्तातले उपाय कोणी खरोखर करून पाहिलेत का? डॉक्टरला दाखवायला हवं हे कळतं, पण आमच्या तालुक्याच्या गावी त्वचेचे डॉक्टर आठवड्यातून एकदाच येतात आणि त्या दिवशी नेमका हिचा क्लास असतो. तोपर्यंत काय करू?

सहाण

जायफळ! सहाणेवर कच्च्या दुधात उगाळायचं, दाट गंध झालं पाहिजे. बोटाच्या टोकाने फक्त पुळीवर लावायचं, सगळ्या चेहऱ्याला फासायचं नाही. रात्री लावून सकाळी धुवायचं. आमच्या घरात आत्या, मावश्या, आम्ही बहिणी, सगळ्यांचं हेच. दुखणारी पुळी दुसऱ्या दिवशी बसलेली असते. खर्च म्हणाल तर एक जायफळ वर्षभर पुरतं, शिवाय श्रीखंडालाही होतं.

टक्केटोणपे

हॉस्टेलवर आम्ही टूथपेस्ट लावायचो. पुळी जायची की नाही आठवत नाही, पण रात्री दरवाजा वाजला की चौघेजण पांढरे ठिपके घेऊन उघडायला जायचो. (हलकेच घ्या.)

पेठेतला

टूथपेस्ट लावू नका हो. त्यातलं मेंथॉल आणि फेस आणणारी द्रव्यं कातडी जाळतात. माझ्या भाच्याच्या गालावर पुळी होती तिथे पुळीच्या आकाराचा काळा डाग पडला आणि तो पुळीच्या कितीतरी पट टिकला.

ओपीडी_नंतरचा_चहा

त्वचारोग विभागात शिकते आहे, म्हणून जरा सविस्तर लिहिते. लांबण लागली तर क्षमस्व.

आधी मुरूम होतो कसा ते बघा, म्हणजे कुठला उपाय कुठपर्यंत पोचतो ते आपोआप कळेल. प्रत्येक केसाच्या मुळाशी एक तैलग्रंथी असते. वयात येताना अँड्रोजन गटातली संप्रेरकं वाढतात, मुलींच्या शरीरातही, आणि ह्या ग्रंथी जास्त तेल सोडायला लागतात. त्याच सुमारास छिद्राच्या आतल्या अस्तराच्या मेलेल्या पेशी नीट झडून बाहेर पडत नाहीत, एकमेकींना चिकटून आतच बूच तयार होतं. बुचावर कातडी असेल तर पांढरा दाणा दिसतो. तोंड उघडं असेल तर काळं टोक दिसतं. तो काळा रंग मळाचा नसतो, त्यामुळे घासून जात नाही. बुचामागे साठलेल्या तेलात क्युटिबॅक्टेरियम ॲक्नेस नावाचे जिवाणू वाढतात. ते तुमच्या-माझ्या सगळ्यांच्या त्वचेवर असतातच, पण तिथे बंदिस्त जागेत त्यांची संख्या वाढली की शरीर त्यांच्याशी भांडायला उठतं. मग लाली, सूज, पू.

म्हणजे मोरी आतून तुंबली आहे आणि आपण वरून फरशी घासतो आहोत. मुलतानी माती वरचं तेल शोषते, पण ग्रंथी तेल बनवायची थांबत नाही. म्हणून रानजाईंच्या लेकीला तासाभरात परत तेलकट वाटलं.

दुसरी गोष्ट वेळेची. आज दिसणाऱ्या मुरमाचं बूच काही आठवड्यांपूर्वीच तयार झालेलं असतं. त्यामुळे कुठल्याही उपायाला निदान सहा ते आठ आठवडे द्यावे लागतात, आणि खरा निकाल बाराव्या आठवड्याच्या आसपास दिसतो. लोक चौथ्या दिवशी उपाय बदलतात आणि मग कुठलाच लागू पडत नाही म्हणतात.

पेठेतला

हे सगळं ठीक आहे, पण मग आमच्या आज्या काय वेड्या होत्या? सहाणताईंच्या घरात इतक्या जणींना गुण आला तो काय खोटा?

ओपीडी_नंतरचा_चहा

@पेठेतला, खोटा नाही. एकटीदुकटी पुळी काही न लावताही काही दिवसांत बसतेच. जायफळ लावलेल्या रात्रीनंतर बसली तर श्रेय जायफळाला मिळतं. शिवाय ज्यांना महिन्यातून एखादी पुळी यायची त्यांना कशानेही गुण यायचा. इथे मुलीचं कपाळ, गाल आणि हनुवटी भरली आहे, तिला एकेका पुळीवर ठिपका लावून काय होणार? उपाय सगळ्या भागाला लावायचा असतो, कारण जिथे आज काही दिसत नाही तिथेही बुचं तयार होत असतात.

आता घरातल्या वस्तूंबद्दल, मला जे माहीत आहे ते.

लिंबू सगळ्यात आधी बाद. लिंबाचा रस फार आम्लधर्मी, पीएच (आम्लता मोजायचा आकडा, जितका कमी तितकं आम्ल जास्त) दोनच्या जवळपास. त्वचेचा साधारण पाच. त्यात लिंबूवर्गीय फळांमधली काही द्रव्यं उन्हात त्वचेवर भाजल्यासारखी प्रतिक्रिया देतात, फोड येतात आणि मागे काळे पट्टे राहतात. लेकीला परत लावू देऊ नका. खायचा सोडा ह्याच्या उलट टोकाचा, अल्कधर्मी, तोही नको.

हळदीत दाह कमी करणारे गुण प्रयोगशाळेत दिसतात, पण पिठात कालवून लावल्यावर बुचापर्यंत किती पोचते हा प्रश्न उरतोच. लावायचीच तर घरी दळलेली लावा, सुट्या बाजारी हळदीत रंगाची भेसळ असू शकते. मधावर न्यूझीलंडमध्ये २०१६ साली एक बऱ्यापैकी मोठा प्रयोग प्रसिद्ध झाला. तिथल्या कानुका झाडाचा मध होता. नुसत्या जंतुनाशक साबणापेक्षा साबण आणि मध लावणाऱ्यांना जास्त फायदा दिसला नाही. कोरफडीने थंड वाटतं, औषधाने कोरडी पडलेली त्वचा शांत होते, मुरूम मात्र तिच्या एकटीच्या जिवावर जात नाहीत. ताजं पान कापलंत तर पिवळा चीक पूर्ण निथळू द्या, तो खाजतो.

वनस्पतींपैकी ज्यावर जरा बरा पुरावा आहे ते टी ट्री तेल (ऑस्ट्रेलियातल्या एका झाडाच्या पानांचं, चहाचं नव्हे). ऑस्ट्रेलियात १९९० साली पाच टक्के टी ट्री तेल आणि पाच टक्के बेन्झॉइल पेरॉक्साइड (मुरमांवर नेहमी दिलं जाणारं औषध) ह्यांची तुलना झाली. दोन्हींनी मुरूम कमी झाले. तेलाला वेळ जास्त लागला, पण जळजळ कमी झाली. पाच टक्के हं! बाटलीतलं तसंच निखळ लावलं तर कातडी भाजते.

मात्रा_वळसा

आयुर्वेदाची विद्यार्थिनी आहे, म्हणून बाजू मांडते, भांडायला नाही.

सुश्रुताने ह्या पिटिकांना मुखदूषिका म्हटलंय आणि त्यांचं वर्णन सावरीच्या काट्यांसारख्या असं केलंय. काटेसावरीचं खोड ज्यांनी पाहिलंय त्यांना बुडाशी रुंद आणि टोकाशी अणकुचीदार तो काटा लगेच डोळ्यासमोर येईल. कफ, वात आणि रक्त ही कारणं सांगितली आहेत आणि हा तरुणांचा आजार आहे हेही स्पष्ट म्हटलंय. ग्रंथांतला प्रसिद्ध लेप म्हणजे लोध्र, धने आणि वेखंड, समभाग, बारीक वस्त्रगाळ चूर्ण, पाण्यात कालवून. काष्ठौषधींच्या दुकानात तिन्ही मिळतात आणि महाग नाहीत. वेखंड तिखट आहे, नाजूक कातडीला झोंबतं, म्हणून आधी कानामागे किंवा कोपराच्या आत लावून एक दिवस बघा.

आता गंमत. लेप लावायचे नियमही सुश्रुतानेच दिलेत. लेप वाळून तडकेपर्यंत ठेवायचा नाही, ओलसर असतानाच काढायचा. आणि रात्री लेप लावायचा नाही. आपण काय करतो? मुलतानी माती पार खपली होईपर्यंत ठेवतो, वर हसू नको सुरकुत्या पडतील म्हणतो, आणि जायफळ रात्रभर. परंपरा म्हणून जे चालतं त्यातलं बरंचसं परंपरेलाच मान्य नाही. सहाणताई, राग मानू नका.

सहाण

राग कसला! पण मग आमच्या आजीला कोणी सांगायचं? :)
रात्रीऐवजी संध्याकाळी लावून अर्ध्या तासाने धुवायला सांगेन. पुळ्या खूप असतील तर जायफळाने भागणार नाही हे मात्र पटलं. माझ्या भाचीला कॉलेजात असताना खूप होत्या, तिला शेवटी डॉक्टरच लागले.

औषधवाला

मेडिकल दुकान आहे, तालुक्याच्या बाजारपेठेत. एरवी फक्त वाचतो, पण हा धागा बघून लिहिणं भाग आहे.

घरगुती उपायांनी जळजळ होईल, फार तर डाग पडेल. खरं नुकसान आमच्या काउंटरवरून जातं. रोज कोणीतरी येतं, कधी मुलीच, कधी त्यांच्या आया, कधी लग्न ठरलेली मुलं. मैत्रिणीने सांगितलेली एक छोटी ट्यूब मागतात. "ती क्रीम द्या, तोंड गोरं होतं आणि पुळ्या पण जातात." त्या ट्यूबमध्ये स्टेरॉइड असतं. बीटामेथासोन, क्लोबेटासोल, मोमेटासोन, फ्लुओसिनोलोन, ही नावं बारीक अक्षरात छापलेली असतात, कोणी वाचत नाही. काहींमध्ये स्टेरॉइडसोबत हायड्रोक्विनोन आणि ट्रेटिनॉइन असं त्रिकूट असतं. ते मोजक्या काळासाठी, डॉक्टरांच्या नजरेखाली, वांगाच्या डागांवर द्यायचं औषध आहे. लोक ते रोजच्या क्रीमसारखं वर्षानुवर्षं लावतात.

पहिले काही दिवस जादू वाटते. सूज बसते, चेहरा उजळ दिसतो. मग कातडी पातळ होते, लाल शिरा दिसतात, उन्हात आग होते, मुलींच्या गालावर लव वाढते आणि मुरूम तर आधीपेक्षा जास्त येतात. क्रीम बंद केली की चेहरा पेटतो, म्हणून परत लावतात. ह्या चक्रातून बाहेर काढायला त्वचारोगतज्ज्ञांनाच महिनोन् महिने लागतात. २०१८ मध्ये सरकारने अशा चौदा स्टेरॉइड मलमांना नियमातून असलेली सवलत काढून घेतली आणि ती डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकायला बंदी केली. कायदा आहे. दुकानं कशी चालतात ते तुम्हाला माहीत आहे. मी नाही म्हटलं की गिऱ्हाईक समोरच्या दुकानात जातं, हेही खरं.

रानजाई, कोणीही "आमच्या हिला गुण आला" म्हणून ट्यूब दिली तर आधी मागची नावं वाचा.

रानजाई

बापरे. नणंदेने एक ट्यूब पाठवली होती, कपाटात तशीच पडली आहे. आत्ता काढून बघितली. मोमेटासोन लिहिलंय!! वापरली नव्हती, नशीब.

औषधवाला

टाकून द्या. आणि नणंदबाईंनाही सांगा.

घाम_गाळू

इंजिनीअरिंग, तिसरं वर्ष, पुण्यात रूमवर. माझा अनुभव पोरांसाठी. जिम सुरू केली, व्हे प्रोटीन (दुधापासून काढलेली प्रथिनांची पावडर) सुरू केलं, आणि पाठ, खांदे, जबडा सगळीकडे टपोरे मुरूम. सरांनी (जिमच्या) सांगितलं गरमी वाढली, सब्जा प्या. प्यायलो. सब्जाचं काही म्हणणं नाही, पण मुरूम जागेवरच. सरकारी रुग्णालयात दाखवलं, तिथे व्हे बंद करायला लावलं आणि बेन्झॉइल पेरॉक्साइड अडीच टक्केचं जेल दिलं. पाठ आता बरीच साफ आहे.

एक धोक्याची सूचना: ते जेल कपड्यांचा रंग खातं. माझा निळा टॉवेल आणि रूम पार्टनरची उशी दोन्ही ठिपक्यांची झाली. पांढरा टॉवेल, पांढरी उशी वापरा. रूम पार्टनर अजून बोलत नाही.

टक्केटोणपे

@घाम_गाळू टूथपेस्ट लावली असती तर मैत्री टिकली असती.

उंबरठा

खाण्याचं कोणी बोललं नाही अजून. आमच्याकडे प्रत्येक गोष्टीला "पोट साफ नाही" नाहीतर "रक्त खराब झालंय" हे उत्तर असतं. तळलेलं बंद, आंबा बंद, चहा बंद. मुलगी आधीच रडवेली, त्यात आंब्याच्या दिवसांत आंबा बंद केला की घरात युद्ध. खरंच काही संबंध आहे का?

ओपीडी_नंतरचा_चहा

@उंबरठा, आहे, पण सांगितला जातो तसा नाही. पोट साफ नसल्याने मुरूम येतात ह्याला आधार नाही, आणि भज्यांचं तेल पोटातून गालावर येत नाही. ज्या गोष्टींकडे बोट जातं त्या म्हणजे रक्तातली साखर झपाट्याने वाढवणारे पदार्थ: मैदा, बिस्किटं, गोड पेयं, पाव. ऑस्ट्रेलियात २००७ साली तरुण मुलांवर बारा आठवड्यांचा प्रयोग झाला होता, त्यात असे पदार्थ कमी केलेल्या गटाचे मुरूम जास्त कमी झाले. त्याआधी २००२ मध्ये पापुआ न्यू गिनीतल्या कितावा बेटावरच्या बाराशे लोकांची तपासणी प्रसिद्ध झाली. त्यांच्यात एकालाही मुरूम सापडला नाही. ते कंदमुळं, फळं, मासे, नारळ खातात. अर्थात त्यांची आनुवंशिकता आणि राहणीही वेगळी आहे, त्यामुळे सगळं श्रेय जेवणाला देता येत नाही.

दुधाचा, विशेषतः साय काढलेल्या दुधाचा, आणि व्हेचा थोडा संबंध अनेक पाहण्यांत दिसतो. सगळ्यांना लागू होतो असं नाही. मी कोणाला दूध सरसकट बंद करायला सांगत नाही. वाढत्या मुलीचं तर नाहीच. बिस्किटांचा पुडा आणि थंड पेयं कमी करून भाकरी-उसळ वाढवली तर नुकसान काहीच नाही. आंबा खाऊ द्या हो.

भिरंडेल

मी सिंधुदुर्गातली, सध्या मडगावला. आमच्याकडे भेगांना, फुटलेल्या ओठांना भिरंडेल लावतात, म्हणजे कोकमाच्या बियांचं तेल, लाडवासारखा घट्ट गोळा असतो ते. अफलातून वस्तू. पण तोंडावर मुरूम असताना लावू नका, आणि खोबरेलही नको. माझ्या कपाळावर ओळीने बारीक दाणे यायचे, अगदी केसांच्या कडेकडेने. आई रोज डोकं तेलाने चपचपीत करून घट्ट वेणी घालायची. तेल कपाळावर उतरायचं, उशीला लागायचं, उशीचं गालाला. डॉक्टरांनी एकच सांगितलं: तेल लावायचं तर न्हायच्या आधी तासभर, मग धुऊन टाका, रात्रभर ठेवू नका. कपाळ त्यानेच निम्मं साफ झालं. ह्याहून स्वस्त उपाय काय असणार, ह्याने उलट तेल वाचतं.

रानजाई

अगं, आमच्याकडे हेच! शनिवारी रात्री तेल, रविवारी न्हाणं. शिवाय शाळेत वेण्या हव्यात म्हणून रोज सकाळी थोडं चोपडतेच. आणि कपाळावर बटा पण काढलेल्या असतात, पुळ्या झाकायला.

सातासमुद्रापार_सांडगे

टेक्सासमधून. इथे ॲडापॅलीन हे मुरमांवरचं औषध, ०.१ टक्के जेल, २०१६ पासून चिठ्ठीशिवाय मिळतं, किराण्याच्या दुकानात शाम्पूच्या शेजारी. माझ्या मुलाला तेच लावलं. पहिला महिना चेहरा सोलवटला आणि पुळ्या वाढल्यासारख्या वाटल्या, तो म्हणाला बंद करूया. इथल्या मैत्रिणीने धीर दिला, टिकलो. आता तिसऱ्या वर्षात आहे आणि आठवड्यातून काही रात्री लावतो एवढंच. भारतात काय नियम आहेत माहीत नाहीत, @ओपीडी सांगतील.

ओपीडी_नंतरचा_चहा

@सांडगे, भारतात ॲडापॅलीन चिठ्ठीवरचं औषध आहे. पण महाग नाही, म्हणून लोकांना सांगायचंय की डॉक्टरकडे जाणं म्हणजे हजारोंचं पॅकेज नव्हे. पार्लरच्या एका फेशियलच्या पैशांत कित्येक महिन्यांचं औषध येतं.

ॲडापॅलीन थेट बूच तयार होण्यावर काम करतं, बेन्झॉइल पेरॉक्साइड जिवाणूंवर. पेरॉक्साइड अडीच टक्क्यांचं पुरतं. पाच-दहा टक्क्यांनी जळजळ वाढते, गुण तेवढाच. क्लिंडामायसिनसारखं प्रतिजैविक जेल मात्र एकटं महिनोन् महिने लावू नये, जिवाणू त्याला दाद देईनासे होतात.

रानजाई, डॉक्टरांनी ॲडापॅलीन दिलं तर लावायची पद्धत ऐका, निम्मे लोक इथेच चुकतात. रात्री तोंड धुवा, पूर्ण कोरडं होऊ द्या. सगळ्या चेहऱ्याला मिळून वाटाण्याएवढं जेल, पुळीपुळीवर ठिपके नाहीत. डोळे, ओठ, नाकाच्या कडा सोडा. पहिले दोन आठवडे एक दिवसाआड. कोरडं पडलं तर साधं, तेलविरहित मॉइश्चरायझर, आणि दिवसा सनस्क्रीन. गरोदरपणात, किंवा गरोदर राहण्याचा विचार असताना, हे औषध टाळतात. हे लेकीसाठी नाही, वाचणाऱ्या इतरजणींसाठी लिहिते.

डॉक्टर येईपर्यंत आजपासून काय: दिवसातून दोनदाच तोंड धुवा. मुली दिवसभर साबणाने घासतात. साध्या साबणाचा पीएच नऊ-दहा असतो, त्याने कातडी कोरडी होऊन आणखी चिडते. सौम्य फेसवॉश किंवा बाळांची सिंडेट वडी (साबणासारखी दिसणारी, पण साबण नसलेली सौम्य वडी) चालेल. स्क्रब, अक्रोडाची पूड, तांदळाचं पीठ चोळणं बंद. केसांचं तेल भिरंडेल म्हणतात तसं. बटा वर. उशीचा अभ्रा वरचेवर बदला. आणि पुळ्या फोडायच्या नाहीत. आपल्या गव्हाळ-सावळ्या कातडीला मुरूम जितका त्रास देतो त्याहून जास्त त्यामागचा डाग देतो.

मात्रा_वळसा

एवढी शिस्त पाळायची तर उटणंही दिवाळीपुरतंच ठेवा. खरखरीत दळलेलं असतं.

चाळिशीची_चाहूल

वाचतेय आणि कोणीतरी म्हणेल म्हणून थांबले होते. मला बत्तिसाव्या वर्षी मुरूम आले, जबड्याच्या कडेने आणि मानेवर. सगळे म्हणाले ताण घेतेस. पाळी दोन-दोन महिने पुढे जायची, हनुवटीवर राठ केस यायला लागले, तरी मला जोड लागली नाही. शेवटी स्त्रीरोगतज्ज्ञांनी पीसीओएस (संप्रेरकांचा तोल बिघडवणारा, पाळी अनियमित करणारा विकार) सांगितलं. तेव्हा तिशीनंतर असे मुरूम आले, किंवा वयात आलेल्या मुलीची पाळी फारच अनियमित असेल, नको तिथे केस येत असतील, डोक्यावरचे विरळ होत असतील, तर मुलतानी मातीवर वेळ घालवू नका.

ओपीडी_नंतरचा_चहा

+१. आणखी एक भर: सगळे दाणे एकसारखे, बारीक, कपाळ-छाती-पाठीवर आणि प्रचंड खाजणारे असतील तर ते बहुधा मुरूम नसून मॅलासेझिया ह्या बुरशीचे असतात. प्रतिजैविकांनी ते वाढतात, औषध वेगळं लागतं. मोठ्या, खोल, गाठीसारख्या दुखणाऱ्या पुळ्या असतील तर मात्र थांबायचंच नाही, त्या खड्डे पाडतात. त्यांना आयसोट्रेटिनॉइनच्या गोळ्या द्याव्या लागतात. फार गुणकारी औषध, पण पोटातल्या बाळात गंभीर व्यंग निर्माण करतं, त्यामुळे मुलींना देताना काटेकोर काळजी घ्यावी लागते. दुसऱ्याच्या चिठ्ठीवर आणून खाण्याचं औषध नव्हे.

उंबरठा

खर्चाचं एक सांगते. १५ ऑगस्ट २०२३ पासून राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत, ग्रामीण आणि जिल्हा रुग्णालयांत, तपासणी आणि उपचार मोफत आहेत. वैद्यकीय महाविद्यालयांची रुग्णालयं त्यात येत नाहीत, पण तिथे केसपेपरचे किरकोळच पैसे लागतात. जिल्ह्याला त्वचेची ओपीडी कुठल्या वारी असते ते फोन करून विचारा. बाहेरून आणायचं झालं तर जनऔषधी केंद्रात त्याच औषधाचं जेनेरिक (ब्रँडचं नाव नसलेलं) आहे का बघा.

रानजाई

सगळ्यांचे आभार! धागा वर काढते आहे, कारण आता सांगण्यासारखं आहे. जिल्ह्याच्या रुग्णालयात नेलं. डॉक्टरीणबाईंनी दोन मिनिटांत बघितलं, ॲडापॅलीन रात्री आणि पेरॉक्साइड सकाळी दिलं, पण एकदम नाही, आधी एक आणि तीन आठवड्यांनी दुसरं. मधल्या काळात चेहरा सोलवटला तेव्हा सासूबाई म्हणाल्या, बघा, होतं तेही घालवलंत. सांडग्यांची पोस्ट वाचून दाखवली, मग गप्प बसल्या. बोर्डाची परीक्षा होईपर्यंत नवीन पुळ्या खूपच कमी झाल्या. तेल फक्त न्हायच्या आधी. टॉवेल पांढरा आणला (घाम_गाळू, धन्यवाद).

आता प्रश्न डागांचा. काळे-तपकिरी डाग आहेत, गालावर दोन-तीन बारीक खड्डेपण. ह्यावर तरी काही घरगुती? बटाट्याचा रस म्हणतात.

सहाण

बटाट्याची भाजी करा, अगं. मीच सांगते आता.

ओपीडी_नंतरचा_चहा

छान बातमी! डाग म्हणजे तिथे साठलेलं रंगद्रव्य. तो आपोआप फिकट होतो, पण आपल्या कातडीत त्याला कित्येक महिने लागतात, आणि ऊन लागलं की परत गडद होतो. म्हणून डागांवरचं पहिलं औषध सनस्क्रीन, एसपीएफ ३० किंवा वर, जेल स्वरूपातलं घ्या म्हणजे तेलकट वाटणार नाही. ॲडापॅलीन चालू आहे त्यानेही डाग उजळतात. नाही उजळले तर पुढच्या वेळी ॲझेलेइक ॲसिडबद्दल विचारा, ते मुरूम आणि डाग दोन्हींवर चालतं. खड्डे मात्र कुठल्याच लेपाने किंवा मलमाने भरत नाहीत, त्यासाठी डॉक्टरांकडे सुयांचे, लेझरचे वगैरे उपचार असतात. ते मुरूम पूर्ण आटोक्यात आल्यावर, घाई नाही. चेहरा स्वच्छ झाला म्हणून जेल बंद करू नका, किती दिवस चालू ठेवायचं ते पुढच्या भेटीत ठरवून घ्या.

रानजाई

पुढची भेट जूनमध्ये आहे. अकरावीच्या प्रवेशाची धावपळ त्याच दिवसांत असणार, पण नेते. सनस्क्रीन एका वेळी किती लावायचं असतं?

ओपीडी_नंतरचा_चहा

चेहरा आणि मान मिळून दोन बोटांवर लांब रेघ ओढाल तेवढं. घराबाहेर पडायच्या पंधरा-वीस मिनिटं आधी, आणि दिवसभर उन्हात असेल तर दर दोन-तीन तासांनी परत.